बेलरची गाठ आकड्यातच अडकते? माझा अनुभव

मुरबाडजवळ आमची तीन एकर भातशेती. पेंढ्यासाठी जुना बेलर, म्हणजे चौकोनी गठ्ठे दाबून सुतळीने बांधणारं यंत्र, सेकंडहँड घेतला. उजवीकडची सुतळी नीट बसे, डावीकडची गाठ पडायची पण बिलहूकवरून, म्हणजे चोचीसारख्या आकड्यावरून, निसटायचीच नाही. पुढचा गठ्ठा सरकला की सुतळी तटकन तुटायची.

कल्याणहून नवी सुतळी आणली, काही फरक नाही. सुतळी धरणाऱ्या चकतीची स्प्रिंग आवळली, तर सुतळी पिंजायला लागली. ती परत होती तिथे आणली. चार दिवस डोक्याला नुसता ताप.

शेवटी ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात टाकली, ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, काढला. सुतळी ओवलेलीच ठेवून नॉटर, म्हणजे गाठ मारणारा भाग, हाताने ट्रिप केला (खटका सोडून चालू केला) आणि फ्लायव्हील, म्हणजे बेलरचं जड चाक, चालीच्या दिशेने हळूहळू फिरवलं. तेव्हा दिसलं: गाठ खाली ढकलणारा वायपर आर्म बिलहूकला शिवतच नव्हता, मधून पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

आधी त्या आर्मवरची सुतळी कापणारी सुरी घासून धार लावली. मग आर्म सोडवून ऐरणीवर हलके ठोके देत जरासा वाकवला. (आमचा पोलादी आहे, बिडाचा असेल तर ठोकू नका.) परत बसवून, तो बिलहूकच्या पाठीला घासत जातोय हे हाताने फिरवून पाहिलं. बिलहूकवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला. सगळ्यात शेवटी बिलहूकच्या, सुतळीची टोकं पकडणाऱ्या जिभेच्या स्प्रिंगचा नट पाव फेरा सैल केला. हे आधी केलं असतं तर गाठच ढिली पडली असती.

संध्याकाळपर्यंत चाळीस गठ्ठे निघाले. एकच सुटला, तोही सुतळी संपली म्हणून.