कोलोमाच्या पाण्यात सोनं रोळताना

तांदूळ रोळताना खडा तळाशी राहतो आणि तांदूळ पाण्याबरोबर पुढे सरकतो. नदीच्या वाळूतून सोनं काढायचं तंत्र हेच आहे. इथे खडा ठेवायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, काळी लोहवाळू सुमारे ५ पट आणि गारेची साधी वाळू अडीच पटींहून जरा जास्त. एवढा फरक असल्यावर हात सावकाश चालवला की कण सहसा निसटत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या उतारावरच्या नद्यांमध्ये हे काम आजही हाताने करता येतं. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सोनं दिसलं ते कोलोमा गाव सॅक्रॅमेंटोहून तासाभरावर आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली बरीच मराठी कुटुंबं मुलांना घेऊन तिथे जातात. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी.

कुठे चालतं, कुठे नाही

नदी सार्वजनिक असली तरी तिचा काठ आणि तळ सगळीकडे मोकळा नसतो. कोलोमाच्या स्टेट पार्कात ठरवून दिलेल्या जागीच बसायचं, आणि तेही फक्त हात व परात घेऊन. फावडं, खुरपं, कुदळ, पंप काहीही चालत नाही. स्टेट पार्कच्या नियमांनुसार दरवर्षी पुराखाली जाणाऱ्या गोट्यांच्या पट्ट्यातूनच वाळू घ्यायची, आणि तुमच्या कामाने गढूळ झालेलं पाणी २० फुटांपलीकडे दिसता कामा नये. ही २० फुटांची अट मनावर घ्या. पाणी जास्त गढूळ होत असेल तर तुम्ही वाळू सोडून मातीत हात घातला आहे, असं समजा.

संघराज्याच्या जंगलखात्याच्या आणि बीएलएमच्या (संघराज्याचं भू-व्यवस्थापन खातं) जमिनीवर हात-अवजारांना अधिक मोकळीक असते, पण तिथे ‘क्लेम’ आडवा येतो. १८७२च्या खाणकायद्याने अमेरिकेचा नागरिक, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला माणूस, २० एकरांपर्यंतच्या तुकड्यावर खनिजाचा हक्क नोंदवू शकतो. अशा तुकड्यातून तुम्ही चिमूटभर सोनं उचललंत तरी ती चोरी ठरते. काठावर खुणेचा खांब दिसला नाही म्हणजे क्लेम नाही, असं धरू नका. पुरात खांब वाहून जातात. बीएलएमच्या संकेतस्थळावरच्या नकाशात त्या भागाचे चालू क्लेम पाहा आणि निघण्यापूर्वी स्थानिक रेंजर कार्यालयात फोन करून खात्री करा.

पंपावर बंदी का

पंपांवरून झालेल्या वादाचं मूळ आहे सक्शन ड्रेज. पाण्यावर तरंगणारं इंजिन, चार ते सहा इंची नळी, आणि बुडी मारलेला माणूस ती नळी तळावर फिरवत वाळू-गोटे खेचतो. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने यावर तात्काळ बंदी घातली. त्या वर्षीचा परवाना हातात असलेल्यांनाही पंप मोसमाच्या मध्येच बंद करावे लागले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं असं, की १८७२च्या कायद्याने दिलेला हक्क राज्य काढून घेऊ शकत नाही. दुसरं, एका हिवाळी पुरात जेवढी वाळू हलते तेवढी सगळे ड्रेज मिळून वर्षात हलवत नाहीत. आणि तिसरं, आम्ही तर तळातलं शिसं नि पारा उचलून नदी साफच करतो. पहिला मुद्दा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘पीपल विरुद्ध राइनहार्ट’ खटल्यात फेटाळला.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र खरी गोम आहे. मार्शलच्या शोधानंतर सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीत, म्हणजे गोल्ड रशच्या काळात, सोनं धरायला पारा वापरत, आणि त्यातला सुमारे ४५ लाख किलो पारा कॅलिफोर्नियाच्या वाळू-खाणींतून निसटला, असा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा अंदाज आहे. तो अजून तळाच्या कपारींत बसलेला आहे. राज्याच्या जल मंडळाने कोलोमावरून वाहणाऱ्या साउथ फोर्क अमेरिकन नदीतच ड्रेजची चाचणी घेतली, तेव्हा यंत्राने ९८ टक्के पारा पकडला. उरलेले २ टक्के पिठासारखे बारीक थेंब होऊन पाण्याबरोबर खाली गेले. घट्ट बसलेल्या गोळ्यापेक्षा हे पीठ वाईट, कारण ते लांब वाहत जातं, धरणाच्या गाळात त्याचं मिथाइल पारा हे विषारी रूप होतं आणि तिथून ते माशांत चढतं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवर करुक आदिवासींनी कोहो सामन माशासाठी जी न्यायालयीन लढाई दिली, तिच्यात आणखी एक बाब होती: ड्रेजने मागे टाकलेल्या सैल ढिगाऱ्यात मासे अंडी घालतात, आणि पहिल्या पुरात तो ढीग अंड्यांसकट वाहून जातो. हे सगळं पाहता बंदी योग्यच आहे असं आमचं मत आहे. कायद्यात ‘ड्रेज’ची व्याख्याही रुंद आहे. नदीच्या तळातून किंवा काठातून खनिजासाठी माल काढायला वा धुवायला मदत करणारं कोणतंही इंजिनवालं साधन तिच्यात बसतं, आणि ड्रेजला बंदी असलेल्या पाण्यापासून १०० यार्डांच्या आत ड्रेज नुसतं बाळगणंही गुन्हा आहे.

सामान

१४ इंची, एका बाजूला आडव्या खाचा असलेली प्लास्टिकची परात. हिरवी किंवा काळी, म्हणजे पिवळा कण चटकन दिसतो. घरची स्टीलची परात नेऊ नका. तिला खाचा नसतात, आणि पाऱ्याला लागलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. नव्या परातीला कारखान्यातला तेलकट थर असतो, तो भांड्यांच्या साबणाने दोनदा घासून काढा. तोच नियम हातांना: सनस्क्रीन लावलेल्या बोटांनी वाळू ढवळली की बारीक सोनं तवंगावर तरंगून निघून जातं. याशिवाय अर्ध्या इंचाच्या जाळीची चाळणी, चोखून घेणारी छोटी प्लास्टिकची बाटली, झाकणाची काचेची कुपी आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं लोहचुंबक. चाळणी स्टेट पार्कात बाहेर काढू नका, तिथे परातीखेरीज अवजार चालत नाही.

अंगठी, पाटल्या, मंगळसूत्र गाडीतच ठेवा. पारा सोन्याला लागला की पांढरा डाग पडतो आणि तो सोनाराकडेच निघतो.

वाळू कुठली घ्यायची

वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी मंदावतं. मोठ्या धोंड्याच्या मागे, खालच्या अंगाला. खडकाच्या आडव्या भेगांत. शेवाळाच्या मुळांतही, कारण ते पुरातले बारीक कण धरून ठेवतं. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर लाटा काळी वाळू एका पट्ट्यात लावून ठेवतात. नदीही जड माल तसाच एकत्र करते, म्हणून काळी रेघ दिसली की तिथली वाळू घ्या. उभा काठ कधीही पोखरू नका. झाडांची मुळं उघडी पडतात आणि काठ तुमच्यावर कोसळू शकतो.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ बरा, वसंतात बर्फाचं पाणी फार जोरात असतं. साउथ फोर्कवर वरच्या धरणांतून पाणी सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी अचानक चढतं. पोराला पाण्यात बसवून मागे वळू नका.

रोळणं

परात पाऊण भरा आणि पूर्ण पाण्याखाली धरा. मातीची ढेकळं बोटांनी कुस्करा. चिकणमातीचा गोळा तसाच बाहेर गेला तर त्याला चिकटलेलं सोनंही जातं. मोठे गोटे धुऊन काढून टाका. आता परात आडवी, सपाट ठेवून १५-२० सेकंद डावी-उजवीकडे जोरात हलवा. सोनं तळाला बसतं ते या हलवण्यात. नवशिके ही पायरी उरकतात आणि लगेच गोल फिरवायला लागतात, मग कण वाळूबरोबर कडेवरून जातात.

खाचांची बाजू पुढे करून परात थोडी कलती करा, कड पाण्यात बुडवून उचला, वरचा थर वाहू द्या. पाच-सहा बुडव्यांनंतर पुन्हा सपाट करून हलवा. चमचाभर काळी वाळू उरेपर्यंत हेच. मग थोडं स्वच्छ पाणी घेऊन परात हलकेच फिरवा, वाळू पंख्यासारखी पसरते आणि शेपटाला पिवळे कण उरतात. सावलीत पाहा. अभ्रक उन्हात चमकतं, सावलीत विझतं. सोनं तसंच राहतं. टाचणीने दाबून बघा: सोनं दबतं, लोहमाक्षिक (सोन्यासारखं दिसणारं खनिज) तुटतं. पहिल्या काही पराती रिकाम्या गेल्या तर जागा बदला. एखाद-दुसरा कण आला तर तिथेच थोडं खोल जा.

पारा दिसला तर

चांदीसारखी लोळणारी गोळी, किंवा पांढुरका झालेला सोन्याचा कण. बोट लावू नका, पुन्हा नदीत टाकू नका. बाटलीने चोखून वेगळ्या काचेच्या कुपीत घ्या, वर दोन बोटं पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा, कुपीवर ‘पारा’ असं लिहा. पांढरा कण घरी गॅसवर तापवून ‘शुद्ध’ करण्याचा सल्ला काही जुनी माणसं देतात, तो मुळीच ऐकू नका. तापल्यावर निघणारी वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात जाते आणि ती घरभर पसरते. कुपी काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रावर द्या. तो कण गेला तर जाऊ द्या.

निघताना खड्डे बुजवा, गोटे जागच्या जागी लावा, परात नदीकाठीच धुऊन वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि त्याच नदीत किंवा खालच्या धरणात मासा धरणार असाल, तर राज्याने त्या पाण्यासाठी दिलेला मासे खाण्याचा सल्ला आधी वाचा. बास जातीच्या माशात पारा जास्त साठतो, मुलांना आणि गरोदर बाईला तो वाढू नये.