डुकरांना खाऊ घालायला शेतावर जाताय? या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या शेतावर माणसाळलेली डुकरं असतील आणि मुलांना घेऊन जायचं ठरत असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. डुक्कर नाकाच्या भरवशावर चालतं. दोन्ही बाजूंचं त्याला भरपूर दिसतं, पण थेट तोंडासमोरचं नीट दिसत नाही. गाजराचा वास लागलेलं बोट त्याला गाजरच वाटतं. माणसाळलेलं डुक्कर चावतं ते बहुधा असंच, रागाने क्वचित.

त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हाताने भरवणं. शेळी तळहातावरचा पाला ओठांनी अलगद उचलते. डुक्कर आधी नाकाडाने ढुसणी देतं आणि मग दातांनी ओढतं, आणि पूर्ण वाढलेल्या डुकराला ४४ दात असतात. खाऊ घमेल्यात घाला किंवा कुंपणाच्या आत जमिनीवर टाका. जितकी डुकरं तितकी घमेली, तीही एकमेकांपासून सहा-सात फूट लांब. एकच घमेलं ठेवलं की दांडगं डुक्कर बाकीच्यांना हुसकावतं आणि त्या रेटारेटीत मधे उभं असलेलं पोर आडवं होतं. लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची मादी सहज २०० किलोच्या वर जाते. लहान मुलांनी कुंपणाबाहेरच थांबावं. ओढणी, पैंजण, बुटांची नाडी आणि खिशातली प्लॅस्टिकची पिशवी हेही डुकराच्या लेखी खाणंच.

लाल भोपळा, काकडी, दुधी, गाजर, कलिंगडाची साल, लसूणघास (हिरवा चारा) हे बिनधास्त घाला. तुकडे अंगठ्याएवढे करा. तासगावची द्राक्षं मूठभर चालतील. सोललेल्या उसाचं कांडं मात्र एखादंच, जास्त गोडाने पोट बिघडतं. एका डुकरामागे पाव किलो पुरे. त्याचा रोजचा खुराक २ ते ३ किलो ठरलेला असतो. रविवारी दहा कुटुंबांनी अर्धा-अर्धा किलो घातला, की सोमवारची हगवण मालकाला निस्तरावी लागते.

फरसाण, वेफर्स, लोणचं अजिबात नको. पोटात मीठ जास्त गेलं आणि प्यायला पाणी कमी पडलं, तर मेंदूला सूज येते, डुक्कर गरगर फिरतं, झटके येतात. कोंब आलेला हिरवट बटाटा आणि आंब्याची कोयही टाळा. घरचं उष्टं, त्यातही मटणाचं, तर नकोच. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू डुकराच्या शिळ्या मांसातून आणि चिखलाने माखलेल्या चपलांतूनही पसरतो. २०२० साली तो भारतात आला. माणसाला तो होत नाही, पण एकदा शिरला की अख्खं शेड रिकामं होतं. गावातल्या मोकाट डुकरांजवळून आला असाल तर पादत्राणं बदलूनच आत जा. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर बेत पुढे ढकला, कारण माणसाचा फ्लू डुकरांना लागतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी जाण्यात अर्थ नाही. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून ते चिखलात लोळून अंग गार ठेवतं. त्याला लोळू द्या, फोटोसाठी उठवू नका. सकाळी दहाच्या आत जा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर खाऊ थांबवा आणि मालकाला हाक मारा. पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

पिल्लू उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण उचललं की ते किंचाळतं, आणि किंकाळी ऐकून डुकरीण धावून येते. पिल्लू हवंच असेल तर मालकाने द्यावं, तेही कुंपणाच्या अलीकडे.

डुक्कर मागे लागलं तर पळू नका. हातातला खाऊ तिथेच टाका आणि सावकाश बाजूला व्हा. फळी किंवा घमेलं गुडघ्यांसमोर उभं धरलं तर उत्तम. पलीकडचं दिसत नसेल तर डुक्कर सहसा तिथून वळतं.

परतताना हात साबणाने धुवा. चिखल लागलेल्या हातांवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचे हात स्वतः धुऊन द्या आणि तोवर त्यांच्या हाती भेळ देऊ नका. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस लागेल का ते तेच ठरवतील.