मका, घेवडा, भोपळा एकत्र लावताय? या चुका टाळा

जूनमधला पहिला दमदार पाऊस पडला की पुण्यातल्या परसबागांत हमखास हे होतं: मका, घेवडा आणि लाल भोपळा, तिन्हींच्या बिया एकाच दिवशी एकाच वाफ्यात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची ही ‘तीन बहिणीं’ची पद्धत नावानं सगळ्यांना आवडते, पण तिचं मर्म पेरणीच्या क्रमात आहे आणि नेमका तोच पाळला जात नाही.

घेवडा आठवडाभरात उगवतो आणि लगेच आधार शोधू लागतो. मका तेव्हा जेमतेम बोटभर असतो. वेल त्याच्या पोंग्याला (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीला) विळखा घालतो, भोपळ्याची पानं उरलंसुरलं ऊन अडवतात आणि जुलैच्या वाऱ्यात भिजलेल्या काळ्या मातीतून सगळा गुंता आडवा होतो. मग बांबू ठोकायची धावपळ होते आणि त्यात मुळं तुटतात. एवढं सगळं दोन आठवडे न थांबल्यामुळे!

आधी फक्त मका पेरा. तो वीतभर झाला (साधारण दोन-तीन आठवडे) की बुंध्याला मातीची भर द्या आणि चार बोटं लांब, मक्याच्या एका ताटाला घेवड्याची एकच बी टोका. भोपळा त्यानंतर आठवड्यानं, वाफ्याच्या कडेला. चार बाय चार फुटांच्या वाफ्याला एक वेल पुरे, आणि त्याचा शेंडा बाहेरच्या बाजूला वळवत राहा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाफा वीतभर उंच हवा.

दुसरी चूक म्हणजे कुंपणालगत मक्याची एकच ओळ. दिसायला छान, पण कणसं बोळकी. मक्याचं परागीभवन वाऱ्यानं होतं. तुऱ्यातले पराग खालच्या कणसाच्या केसांवर पडावे लागतात आणि एकेका केसामागे एकेक दाणा भरतो. एका ओळीतले पराग वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात जातात. म्हणून फूट-फूट अंतरावर चार बाय चार अशी सोळा ताटं चौकोनात लावा. प्रत्येक जागी दोन दाणे टाका आणि नंतर कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका. केस बाहेर आले की उघडीप असेल त्या सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुरे हलवा, तीन-चार दिवस. संततधार असेल तर पराग ओले होऊन उडत नाहीत, तेव्हा उघडीप मिळेल तो दिवस सोडू नका.

वाणाचं आधी बघा. बाजारातली बरीचशी फरसबी झुडपी असते, ती चढत नाही. गावठी वाल उलट टोकाचा: बहुतेक जाती दिवस लहान झाल्यावरच फुलतात, तोवर नुसता पाला वाढवून मक्याला गुदमरवतात. वेलीचा घेवडा किंवा वेलीची चवळी घ्या. स्वीट कॉर्नचं ताट बुटकं असतं आणि कणसं कोवळी काढायला भोपळ्याच्या वेलांतून जावं लागतं. या जोडीला उंच गावठी मकाच बरा.

‘घेवडा नत्र देतो, मग खत कशाला?’ हा प्रश्न शॉर्टकट शोधणारेच विचारतात. मुळांच्या गाठींतलं नत्र त्या हंगामात बहुतांश घेवड्यालाच लागतं. मक्याच्या वाट्याला फार थोडं येतं. लागवडीपूर्वी चौरस मीटरला चार-पाच किलो कुजलेलं शेणखत द्या, मका गुडघाभर झाल्यावर ताटाला ओंजळभर गांडूळखत आणि तुरा येताना पुन्हा तेवढंच. युरिया नको, त्यानं गाठी कमी धरतात.

मक्याचा पोंगा खाणारी अमेरिकन लष्करी अळी 2018 पासून देशात आहे. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की अळी हातानं वेचा. निंबोळी अर्क (1500 पीपीएम) लिटरला 5 मिली, फवारणी संध्याकाळीच, कारण सकाळी भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या असतात.

मधमाश्या फिरकत नसतील तर नऊच्या आत नरफूल तोडून मादीफुलावर टेकवा. मादीफुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो.