खडक रूप कसं बदलतात? मुलांना मेणाच्या रंगखडूंनी दाखवा

सहावीच्या भूगोलात खडकांचे तीन प्रकार येतात: अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. मुलं एका श्वासात म्हणून दाखवतात. मग रस्त्याकडेची काळी गिट्टी हातात देऊन "हिचं पुढे काय होणार?" असं विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघतात. ती अडचण एका दुपारी सुटते.

लागेल ते सामान: तीन-चार रंगांचे जुने, तुटके मेणाचे खडू, शार्पनर, ॲल्युमिनियम फॉइल, दोन लाकडी पाट, एक पातेलं, गरम पाणी. शिवाय व्हिनेगर, शहाबादी फरशीचा तुकडा आणि संगमरवराचा तुकडा. फरशीवाल्याकडे मागितले तर असे तुकडे तो सहसा फुकटच देतो.

आधी झिजवा

खडू शार्पनरने तासायला सांगा. उन्हाने तापून, पावसाने भिजून डोंगर झिजतो, तसा हा कीस. मुलं लवकर कंटाळतात, तेव्हा सांगून टाका की नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या पात्रातली रेतीसुद्धा अशीच झिजून आली आहे, फक्त तिला कुणी घाई केली नव्हती.

मग साचवा आणि दाबा

फॉइलवर एका रंगाचा थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. फॉइल दुमडा, दोन पाटांमध्ये ठेवा आणि एका मुलाला वर उभं करा. उघडल्यावर वडी निघते. सुरीने मधोमध कापली की थर वेगळे दिसतात, आणि कडेला बोट घासलं की भुगा सुटतो. हा गाळाचा खडक. खऱ्या खडकात कण एकमेकांना चिकटवायला पाण्यातून आलेले क्षार असतात, तेवढं तोंडी सांगा. आपल्या नागपूरकडचं उदाहरण कामठीचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड, वय सुमारे २५ कोटी वर्षं. नागपुरातला झिरो माइलचा स्तंभही वालुकाश्माचाच.

आता खरी कसोटी: न वितळवता बदला

इथेच बहुतेक मोठी माणसं चुकतात. मीही चुकले. पहिल्यांदा हा प्रयोग मे महिन्यात गच्चीवर केला. वड्या उन्हात ठेवल्या आणि पाणी प्यायला खाली आले. परत गेले तर बिल्डिंगमधला एक पोट्टा म्हणाला, "काकू, हे तं सरबतच झालं!" बरोबर होतं त्याचं. रूपांतरित खडक करायला निघाले होते आणि झाला थेट लाव्हा.

तेव्हा वडी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, बोट बुडवल्यावर चटकन काढून घ्यावं इतक्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. उकळतं पाणी नको. मग लगेच पाटांमध्ये दाबा, एका बाजूने जरा जास्त. कापून बघा: थर वाकलेले, ताणलेले, रंग कडेला एकमेकांत शिरलेले, पण रंग ओळखू येतात. भुगा सुटत नाही. खडक घट्टच राहिला, तरी आतून बदलला.

जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. दहा-पंधरा किलोमीटर खाली गेलेल्या चिखलाच्या थरांवर वरचं सगळं वजन आणि ही उष्णता, म्हणजे साधारण २५० ते ४५० अंश, एकदमच येते. त्यात नवी खनिजं तयार होतात, अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेने ओळीत बसतात. बेसाल्ट, म्हणजे काळ्या गिट्टीचा दगड, वितळायला मात्र ११०० ते १२०० अंश लागतात. या दोन आकड्यांमधलं अंतर मुलांना फळ्यावर काढून दाखवा, गोंधळ तिथेच मिटतो.

शेवटी वितळवा

हे मोठ्यांनीच करायचं. उरलेले तुकडे फॉइलच्या वाटीत घालून उकळत्या पाण्यावर धरा. थर गेले, रंग मिसळले. गार होऊ द्या. हा अग्निजन्य. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड असाच थंड झालेला लाव्हा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वितळलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

आता तीच गार वडी पुन्हा तासायला द्या. दुसरी एखादी, न वितळवता, परत गरम पाण्यात घालून दाबा. पुस्तकातल्या बाणांच्या गोलामुळे मुलांना वाटतं की क्रम ठरलेला आहे. तसा तो नाही. लाव्हा झिजून रेती होईल, किंवा झिजायच्या आधीच खाली दाबला जाऊन रूपांतरित होईल. आणि कोळशाचा हिरा होतो, असं कृपा करून सांगू नका. बहुतेक हिरे जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

नातं ओळखायची चाचणी

शहाबादी फरशी आणि संगमरवर, दोन्हींवर खिळ्याने घासून थोडी पूड काढा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. दोन्हीकडे बारीक बुडबुडे येतात. शहाबादी म्हणजे चुनखडक, आणि संगमरवर म्हणजे तापून-दबून रूपांतरित झालेला चुनखडक. रूप बदललं, मूळ पदार्थ तोच. पाट्या-वरवंट्याच्या काळ्या दगडावरही थेंब टाकून बघा. तिथे काही होत नाही, आणि मुलांना तेही बघायचं असतं.

जमल्यास रामटेक

नागपूरची गंमत अशी की तिन्ही प्रकार पन्नास किलोमीटरच्या आत भेटतात: पश्चिमेला बेसाल्ट, कामठीला वालुकाश्म, रामटेक-मनसरच्या पट्ट्यात रूपांतरित खडक. शेवटचे मुळात गाळाचेच होते. मनसर-कांद्रीच्या मॅंगनीज खाणी याच पट्ट्यात आहेत. हिवाळ्यात सकाळी लवकर निघा. मंदिर, किल्ला, खाण, कुठलाच दगड उचलायचा नाही. रस्त्याकडेचा सुटा तुकडा पुरे. त्यावर जागेचं नाव लिहिलेली पट्टी तिथल्या तिथे चिकटवा. घरी आल्यावर पिशवी उपडी केली की सगळे मातकट दगड सारखेच दिसतात.