पुस्तकातलं पात्र वस्तूंवर जातं तेव्हा: लेखक-चित्रकारांनो, या चुका टाळा

कुरिअरचं खोकं उघडलं. आतला बेडूक मऊ होता, हिरवा रंग जवळपास बरोबर होता, शिवण सुबक होती. फक्त त्याच्या दोन्ही पायांत पिवळे बूट होते. माझ्या पुस्तकातल्या बेडकाचा एक बूट हरवलेला आहे आणि सबंध गोष्ट त्या बुटाच्या शोधाची आहे. कारखान्यात कुणालातरी उघडा पाय म्हणजे चित्रातली चूक वाटली आणि त्यांनी ती दुरुस्त करून टाकली. प्रकाशकांना फोन केला तर कळलं, की नमुना महिन्यापूर्वीच मंजूर झाला होता आणि माल बांधून तयार होता. करारानुसार मंजुरीचा अधिकार त्यांचा होता. त्या करारावर माझीच सही होती.

तेव्हापासून मी मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या मित्रमैत्रिणींचे करार हट्टाने वाचायला मागते. पात्र वस्तूंवर गेलं की त्यातून पैसा येऊ शकतो, कधीकधी पुस्तकाच्या विक्रीपेक्षा जास्त. तो जातो कुठे, हे मात्र बहुतेकांना सही झाल्यावर समजतं.

‘आणि इतर सर्व हक्क’

पुस्तकाच्या करारात दुय्यम हक्कांचं एक कलम असतं. अनुवाद, ऑडिओ, नाटक, चित्रपट अशी यादी चालू असते आणि शेवटी हळूच येतं, ‘व्यापारी वस्तूंचे व इतर सर्व हक्क’. आपण त्या आनंदाच्या दिवशी एवढ्या खाली वाचत नाही. पुस्तक छापणाऱ्या संस्थेकडे खेळणी, कपडे किंवा वह्या बनवणाऱ्यांशी बोलणी करणारा माणूस असतोच असं नाही. मग तो हक्क वर्षानुवर्षं फायलीत पडून राहतो आणि तुमच्याकडे कुणी विचारणा केली तर तुम्हालाच परवानगी मागत फिरावं लागतं.

सही करण्याआधी ते वाक्य खोडायला सांगा. प्रकाशक ऐकत नसतील तर तीन गोष्टी मागा: उत्पन्नात तुमचा मोठा वाटा, प्रत्येक वस्तूला तुमची लेखी मंजुरी आणि मुदत. पुस्तक आल्यापासून दोन वर्षांत वस्तूंचा एकही करार झाला नाही तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत, असं एक वाक्य पुरतं.

आणि सही होऊन गेली असेल तर? एक साधं पत्र लिहा. पुस्तक कधी आलं, तेव्हापासून वस्तूंचा काही व्यवहार झालेला नाही, न वापरलेला हक्क परत मिळावा. भांडणाचा सूर नको. ज्या हक्कातून काहीच येत नाही तो सोडायला पुष्कळ प्रकाशक तयार होतात. फक्त ‘हो, घ्या परत’ असं फोनवर ऐकून थांबू नका, दोघांच्या सह्यांची पुरवणी करून घ्या.

पात्र कुणाचं, हे ठरवलंच नाही

लेखक आणि चित्रकार दोन वेगळ्या व्यक्ती असतील तर मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. नाव, स्वभाव आणि गोष्ट लेखकाची. डोळे, रंग, चालण्याची ढब चित्रकाराची. पण कपबशीवर गोष्ट छापली जात नाही, चित्र छापलं जातं. चित्रकाराने एकरकमी मोबदला घेऊन हक्क लिहून दिले असतील तर पुढच्या प्रत्येक वस्तूतून त्याला शून्य मिळतं. चित्रकाराने हक्क राखले आणि लेखकाशी काहीच ठरलं नसेल, तर एकाच्या नकाराने दोघांचंही काम अडतं.

ई. एच. शेपर्ड यांनी विनी-द-पू या अस्वलाच्या गोष्टींची चित्रं काढली त्या काळी चित्रकाराला ठरावीक रक्कम देऊन मोकळं करायची पद्धत होती. पूचे लेखक ए. ए. मिल्न यांनी त्यांना रॉयल्टीत, म्हणजे विक्रीतून येणाऱ्या मानधनात, हिस्सा दिला. तो मिल्न यांचा मोठेपणा. तुमच्या वाट्याला असा मोठेपणा येईल यावर विसंबू नका. पुस्तक चालू लागण्याआधी, मैत्री छान असताना, एका पानावर लिहा: वस्तूंच्या उत्पन्नाची वाटणी कशी, नकाराधिकार कुणाला, दोघांपैकी एक गेला तर त्याचे वारस काय ठरवू शकतात, नव्या गोष्टीसाठी दुसरा चित्रकार घेतला तर जुन्या रूपाचं काय.

टक्का विचारला, कशावरचा ते विचारलं नाही

‘आठ टक्के देताहेत’ असं कुणी आनंदाने सांगितलं की मी लगेच विचारते, कशाचे? दुकानातल्या किमतीचे, की कंपनीच्या निव्वळ विक्रीचे? एक हिशेब करून बघू. वस्तूची दुकानातली किंमत १०० आणि कंपनी ती दुकानाला ५० ला देते. त्यातून सवलती आणि परत आलेला माल वजा होऊन ४५ उरले. त्याचे ८ टक्के म्हणजे ३.६०. मध्ये एजंट असेल आणि तो ३५ टक्के घेत असेल तर उरले २.३४. प्रकाशकाचा अर्धा वाटा गेला, १.१७. लेखक आणि चित्रकारात वाटले तर प्रत्येकी ०.५८ च्या आसपास. दुकानातल्या किमतीवर ८ टक्के असते तर सुरुवात ३.६० ऐवजी ८ ने झाली असती.

हे घाबरवायला सांगत नाही. मोठ्या संख्येने वस्तू विकल्या तर हीसुद्धा चांगली रक्कम होते. पण कराराआधी हा हिशेब कागदावर मांडा आणि वजावटींना मर्यादा घाला. सवलत आणि परत आलेला माल मिळून अमुक टक्क्यांपलीकडे वजा करता येणार नाही, असं लिहून घ्या. जाहिरातीचा, वाहतुकीचा खर्च तुमच्या रॉयल्टीतून कापला जाऊ नये.

दुसरं म्हणजे किमान हमी रक्कम मागा. माल विकला जावो न जावो, ती तुम्हाला मिळते आणि पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. रकमेपेक्षा मला तिचा दुसरा उपयोग मोलाचा वाटतो. ज्याने आधी पैसे मोजलेत तो माल विकायला धडपडतो. हमी न देता ‘एकमेव परवाना’ मागणारा तुमचं पात्र नुसतं अडवून ठेवू शकतो.

एकाच सहीत सगळं देऊन टाकणं

‘खेळणी’ म्हणजे काय? मऊ बाहुली, लाकडी कोडं, पत्त्यांचा खेळ, फोनवरचा गेम? परवाना देताना वस्तूचा प्रकार नेमका लिहा: ‘३० सेंटीमीटरपर्यंतच्या कापडी बाहुल्या’. सोबत प्रदेश, भाषा, विक्रीचा मार्ग आणि मुदत. पहिल्या खेपेला दोन-तीन वर्षं पुष्कळ झाली.

मिल्न यांनी १९३० मध्ये स्टीफन स्लेसिंजर या अमेरिकी व्यावसायिकाला पूच्या वस्तूंचे हक्क दिले ते अमेरिका आणि कॅनडापुरते. प्रदेश असा आखून देता येतो. पण पुढे ते हक्क डिस्नेकडे गेले आणि त्याच साखळीतून स्लेसिंजर यांचे वारस आणि डिस्ने यांच्यात १९९१ मध्ये खटला उभा राहिला. त्यातला एक मोठा मुद्दा असा, की व्हिडिओ कॅसेटवर रॉयल्टी लागते का. वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. म्हणून ‘या करारात नाव घेऊन न दिलेले, तसेच पुढे अस्तित्वात येणाऱ्या माध्यमांतले सर्व हक्क निर्मात्याकडे राहतील’ हे वाक्य प्रत्येक करारात घाला.

मुदत संपल्यावरचा काळही ठरवा. उरलेला माल विकायला तीन ते सहा महिने द्यावेत, त्यावर रॉयल्टी चालू राहावी. शेवटच्या महिन्यांत मुद्दाम जादा माल बनवून ठेवता येणार नाही, हेही लिहा.

पात्राची वही नसणं

माझ्या बेडकाचा घोळ टळला असता. मी कारखान्यासाठी पुस्तकातली तीन पानं पाठवली होती, बस. आता माझ्याकडे बारा पानांची वही आहे. पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून. प्रत्येक रंगाचा छपाईचा आकडा आणि पँटोन क्रमांक, म्हणजे नेमकी छटा सांगणारा प्रमाणित क्रमांक. डोक्याची उंची शरीराच्या किती पट. कुठल्याही मापाला मोठं करता येतील अशा व्हेक्टर फायली. शेवटच्या पानावर ‘हे कधीच करू नका’. तिथे पहिली ओळ आहे: डावा पाय नेहमी उघडा, ही चूक नाही.

मंजुरी तीन टप्प्यांत द्या: रेखाटन, हातात धरता येईल असा नमुना आणि उत्पादनातून निघालेला पहिला नग. ‘दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर समजू’ अशी अट असते, ती उलटी करून घ्या. उत्तर नाही म्हणजे नामंजूर. तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाहुलीला बटणाचे डोळे नकोत, भरतकामाचे हवेत. बटण निघून घशात अडकू शकतं. कंपनीकडे सुरक्षा चाचणीचा दाखला मागा. आयएसओ ८१२४ ही खेळण्यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. मुलाला इजा झाली तर पात्राचं नाव आधी पुढे येतं, म्हणून नुकसानभरपाईची जबाबदारी आणि विमा कंपनीच्या नावावर असू द्या.

नावनोंदणीची टाळाटाळ

चित्राला कॉपीराइट मिळतो, नुसत्या नावाला सहसा मिळत नाही. नावासाठी ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्हाची नोंदणी, लागतो आणि तो वस्तूंच्या वर्गानुसार घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात छापील साहित्य १६ मध्ये, कपडे २५ मध्ये, खेळणी २८ मध्ये येतात. सगळे वर्ग एकदम घेण्याइतके पैसे नसतात, तेव्हा जिथे करार जवळ आलाय तिथून सुरुवात करा.

बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या पीटर रॅबिटचं अमेरिकेतलं कॉपीराइट प्रकाशकांकडून नोंदवायचं राहिलं आणि तिकडे चोरट्या आवृत्त्या निघाल्या. १९०३ मध्ये पॉटर यांनी सशाची बाहुली स्वतः बनवून तिची पेटंट कार्यालयात नोंद केली. खेळणीवाल्याच्या दारात जाण्याआधी नोंद, हा क्रम आजही बरोबर आहे.

एक बारीक खाच: पुस्तकाच्या नावासाठी वापरलेला फाँट. पुस्तकासाठी घेतलेला परवाना टी-शर्टला चालेलच असं नाही. शक्य असेल तर नाव हाताने लिहून काढा.

हिशेब येत नाही, नक्कल दिसते

हिशेब दर तीन किंवा सहा महिन्यांनी यावा. त्यात वस्तू, नग, दर, वजावट आणि परतीसाठी राखून ठेवलेली रक्कम वेगवेगळी दिसली पाहिजे. नुसती एक बेरीज आली तर तपशील मागणारं ईमेल त्याच आठवड्यात करा. कंपनीच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क करारात असेल तर तो वापरायला संकोच नको. तपासणीत ठरावीक टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीचा, ही अट चालणारी आहे.

कुणी तुमचं पात्र परवानगीशिवाय विकताना दिसलं तर रागाच्या भरात आधी संदेश पाठवू नका, पान गायब होईल. तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, त्या पानाचा पत्ता जपून ठेवा, शक्य असेल तर एक नग विकत घ्या आणि पावती ठेवा. मग विक्रीच्या संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवा. तक्रारीसोबत तुमच्या तारीख असलेल्या मूळ फायली आणि कच्ची रेखाटनं जोडा, म्हणून जुन्या स्केचबुकवर तारखा टाकायची सवय आजच लावा.