पंच्याहत्तरी ओलांडलीत? एसटीचा मोफत प्रवास असा करा

पंच्याहत्तर पूर्ण झाली त्या वर्षी माझे वडील गावी गेले ते पूर्ण तिकीट काढून. योजना त्यांना ठाऊक होती, आधार कार्ड खिशात होते. परत आल्यावर मी विचारले तर म्हणाले, "कार्ड दाखवायचं नि फुकट बसायचं, ते मला जमत नाही गं." त्यानंतर दोनदा गावाला जायचे त्यांनी टाळले. पहिल्या खेपेला गुडघ्याचे निमित्त झाले, दुसऱ्या खेपेला पावसाचे. खरे कारण पैशाचे होते आणि ते तोंडावर येत नव्हते.

परळ-लालबागच्या चाळींत असे कितीतरी जण मला भेटतात. आयुष्यभर कुणाचे फुकट घेतले नाही, या अभिमानावर ते जगले आहेत. म्हणून कागदपत्रांच्या आधी हे सांगते: हा प्रवास फुकट नाही. तुमच्या जागेचे भाडे राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देते. तुम्ही चाळीस-पन्नास वर्षे एसटीची तिकिटे काढलीत, त्यातल्या प्रत्येक तिकिटातून प्रवासी कर सरकारकडे गेला आहे. वडिलांना हे पटायला एक संध्याकाळ लागली. पटल्यावर मात्र त्यांनी स्वतःच पिशवी काढली.

कोणाला काय मिळते

२६ ऑगस्ट २०२२ पासून वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला एसटीचा प्रवास मोफत आहे. योजनेचे नाव अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. स्त्री-पुरुष असा भेद नाही, उत्पन्नाची अट नाही, पेन्शन असली तरी चालते. ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहेच, त्यामुळे साठीतल्या आईला पासष्टीची वाट पाहावी लागत नाही. पंच्याहत्तरीला तिचेही तिकीट शून्य होते.

सवलत फक्त लाल गाडीला आहे, असा समज अजून ऐकू येतो. तसे नाही. साधी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी, सगळ्या गाड्यांना ती लागू आहे. पाठीचे दुखणे असेल तर संकोच न करता वातानुकूलित गाडी निवडा.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. गाडी पणजीला किंवा बेळगावला जाणारी असेल तर हद्दीपलीकडचे भाडे भरावे लागते. दुसरे म्हणजे, सवलत त्या एका माणसाची. सोबत येणाऱ्या मुलाचे किंवा नातवाचे तिकीट नेहमीच्या दराने काढायचे.

आधी कार्डावरची तारीख वाचा

सगळ्यात जास्त अडचण इथे येते, म्हणून या भागावर वेळ घालवा. प्रवासाच्या आदल्या दिवशी नको, निदान महिनाभर आधी.

आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, असे गमतीने म्हटले जाते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख लिहिली, तीच पुढे नोकरीत आणि रेशन कार्डावर चालत आली. जुन्या आधार कार्डांवर तर काही वेळा नुसते जन्मवर्ष असते. आमच्या शेजारच्या आजींच्या मतदार ओळखपत्रावर एक वय आणि आधारवर दुसरेच, दोन वर्षांनी कमी. गाडीत उभ्या असलेल्या कंडक्टरने यातले खरे कोणते ठरवायचे? तो कार्डावर छापले आहे तेच धरणार, आणि त्याने तेच धरायला हवे.

त्यामुळे असे करा. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, जे जे घरात असेल ते एका टेबलावर मांडा. प्रत्येकावरची जन्मतारीख कागदावर लिहून काढा. सगळीकडे एकच असेल तर काम झाले. फरक असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट यांसारखा भक्कम पुरावा शोधा आणि आधार केंद्रावर जाऊन तारीख दुरुस्त करून घ्या. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने अर्ज भरू नका. मुलाने किंवा सुनेने सोबत जावे, पडद्यावर टाइप केलेली तारीख मोठ्याने वाचून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

प्रवासाला निघताना मूळ कार्ड घ्या. झेरॉक्सवर विसंबू नका. मोबाइलमधले डिजिलॉकर किंवा एमआधार दाखवता येते, पण आठ-दहा तासांच्या प्रवासात फोनची बॅटरी संपते आणि घाटात नेटवर्क जाते. एका खेपेला वडिलांचे कार्ड देव्हाऱ्याजवळच्या डब्यात राहिले आणि फोन बंद पडला. त्यांनी गुपचूप पूर्ण भाडे भरले. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला मी एक छोटा खिसा शिवला आहे. कार्ड तिथेच असते, घरी असतानाही.

आरक्षण करा, विशेषतः मे महिन्यात आणि गणपतीत

तिकीट शून्य रुपयांचे आहे याचा अर्थ जागा राखून ठेवलेली आहे असा होत नाही. हे अनेकांना गाडी फलाटाला लागल्यावर कळते. चाकरमानी कोकणात निघतात त्या दिवसांत सत्तरी-पंच्याहत्तरीतल्या माणसाने गर्दीत धक्के खात चढायचा विचारही करू नये.

मुंबईत मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर आणि बोरिवली नॅन्सी कॉलनी ही एसटीची मोठी ठिकाणे आहेत. घराला जवळचे निवडा, मग त्या ठिकाणाहून तुमच्या गावची गाडी सुटते का किंवा तिथे थांबते का ते विचारा. लांब पल्ल्याची गाडी ती पकडा जी उजेडात पोचवते. रात्रीच्या गाडीने झोप होते असे तरुणांना वाटते, पण पहाटे चारला अंधारात फाट्यावर उतरून पिशव्या उचलत चालणे म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही.

आरक्षणाच्या खिडकीवर सुरुवातीलाच सांगा: "अमृत ज्येष्ठ नागरिक, पंच्याहत्तर पूर्ण, हे कार्ड." तिकीट शून्याचे असले तरी आरक्षणाचे काही पैसे द्यायचे आहेत का, तेही तिथेच विचारून घ्या. आसन मागताना दोन चाकांच्या मधले, गाडीच्या मध्यभागातले मागा. मागच्या चाकावरची आणि शेवटची रांग टाळा, खड्ड्यांचा सगळा मार तिथे बसतो. ज्यांना वारंवार लघवीला जावे लागते त्यांनी खिडकीऐवजी कडेची जागा घ्यावी. ऑनलाइन आरक्षण मुलांनी करून दिले तर सवलतीचा प्रकार बरोबर निवडला आहे ना आणि नाव-वय कार्डाप्रमाणेच लिहिले आहे ना, हे पाहावे. नुसते "आजी" किंवा घरातले टोपणनाव टाकलेले तिकीट मी पाहिले आहे.

स्थानकापर्यंत कसे पोचायचे

एसटीची ही योजना बेस्टला लागू नाही. मुंबईतल्या ज्येष्ठांची इथेच निराशा होते. परळहून सिंधुदुर्गापर्यंत शेकडो किलोमीटर शून्य रुपयांत, आणि घरापासून स्थानकापर्यंत मात्र तिकीट. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या गाडीत १० रुपये आणि वातानुकूलित गाडीत १२ रुपये झाले, आधी ते ५ आणि ६ होते. रोज दवाखान्यात किंवा फिजिओथेरपीला जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. शंभर वर्षे या शहराला वाहणाऱ्या सेवेने शहराच्या म्हाताऱ्यांनाही मोफत न्यावे, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचा भार बेस्टच्या तिजोरीवर न टाकता सरकारने उचलावा. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात साठीच्या वरचे लोक १०.५ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते २०.८ टक्के होतील. म्हणजे पाचांतला एक. तो एक जण घरात कोंडून राहिला तर त्याचा खर्च शेवटी इस्पितळाच्या बिलात निघतोच.

तोवर जे आहे ते वापरा. बेस्टच्या ज्या गाड्यांत मागून चढायचे असते, त्यांत ज्येष्ठांना पुढच्या दाराने चढता येते. ड्रायव्हरकडे पाहून हात करा आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच पाय टाका. ज्येष्ठांच्या राखीव जागेवर कुणी बसले असेल तर कंडक्टरला सांगा, स्वतः वाद घालू नका. चलो ॲपवर गाडी कुठे आहे ते दिसते. ते नातवाच्या फोनवर घरीच पाहून मग खाली उतरलात तर थांब्यावर ताटकळत उभे राहावे लागत नाही.

अंधेरी, दहिसर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर ६५ वर्षांवरील प्रवाशांना ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या मासिक पासवर २५ टक्के सूट आहे. ती १ मे २०२३ ला सुरू झाली, आणि त्यासाठी स्थानकाच्या तिकीट खिडकीवर वयाचा पुरावा दाखवून मुंबई १ कार्ड घ्यावे लागते. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. कोकण रेल्वे सोडून अनेक वयस्क पुन्हा एसटीकडे वळलेले मी आमच्या चाळीतच पाहते.

गाडीत बसल्यावर

बसल्याबरोबर कार्ड हातात काढून ठेवा. कंडक्टर जवळ आला की उतरायच्या ठिकाणाचे नाव स्पष्ट सांगा, "मास्तर, देवरुख, पंच्याहत्तरीवालं," आणि कार्ड पुढे करा. तो मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून देईल. ते घेतल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देऊ नका.

हे आग्रहाने का सांगते? पैसे द्यायचे नाहीत तर चिटोरे कशाला, म्हणून माझे वडीलच सुरुवातीला ते घेत नसत. पण तिकीट हाच तुम्ही त्या गाडीत असल्याचा पुरावा आहे. तपासनीस चढला तर तो तिकीटच मागणार. वाटेत काही अपघात झाला तरी तेच कामी येते. शिवाय किती ज्येष्ठांनी प्रवास केला याची नोंद याच तिकिटांतून होते आणि त्या हिशेबावर सरकार एसटीला पैसे देते. तुम्ही तिकीट घेतले नाही तर तुमची फेरी कागदावर घडलीच नाही. तिकिटावरचे ठिकाण वाचून पाहा, चष्मा नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा. चुकीच्या थांब्याचे निघाले असेल तर त्याच वेळी बदलून मिळते, तासाभराने नाही.

कार्ड दाखवूनही कोणी सवलत नाकारली तर आवाज चढवू नका. गाडीचा क्रमांक, वेळ आणि मार्ग लिहून घ्या, भरलेल्या पैशांचे तिकीट जपा, आणि पुढच्या स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाकडे किंवा आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार करा. लेखी म्हणजे लेखीच. तोंडी सांगितलेले गर्दीत हरवते. तक्रार लिहायला मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

औषधांची पुडी टपावर किंवा डिकीत जाणाऱ्या पिशवीत कधीच ठेवू नका, ती मांडीवरच्या पिशवीत असावी. त्यातच एका चिठ्ठीवर स्वतःचे नाव, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, आणि मुंबईतला नि गावातला एकेक फोन नंबर लिहून ठेवा. पाणी कमी पिऊ नका. वाटेत थांबावे लागेल या भीतीने वयस्क माणसे, त्यातही बायका, सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. गाडी सुटण्याआधी कंडक्टरला सांगून ठेवा की मला मध्ये उतरावे लागेल, कुठे थांबणार ते सांगा. पुढचा थांबा कुठे हे कळले की निम्मी धास्ती जाते.

उतरायच्या आधीच्या थांब्यावर सावध व्हा, पण गाडी चालू असताना दारात जाऊन उभे राहू नका. कार्ड परत आतल्या खिशात गेले का, हे हात लावून पाहा. परतीच्या गाडीला तेच लागणार आहे.