पहिल्या शीलाची पूर्वतयारी

रविवारी सकाळी नागपुरातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीतून गेले, तर विहारातून त्रिसरण-पंचशीलाचे स्वर कानी पडतात. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे जीवहत्येपासून दूर राहण्याचे पहिले शील इथल्या कित्येक मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा प्रश्न पाठांतराचा नाही. विहारातून घरी परतल्यावर ओट्यावर मुंग्यांची रांग लागलेली असते, कूलरच्या टाकीत अळ्या वळवळत असतात, शेजाऱ्याने गाडी पुन्हा आपल्याच फाटकासमोर उभी केलेली असते, आणि त्या वेळी हे शील पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे आहे की, अहिंसा ऐन वेळी पाळायला गेले की बहुधा उशीर झालेला असतो; ती आदल्या आठवड्यात, आदल्या दिवशी, निदान आदल्या तासात पाळावी लागते. पुढील सूचना याच दृष्टीने केल्या आहेत.

प्रथम एक भीती दूर करावी. पाली अट्ठकथांनी, म्हणजे भाष्यग्रंथांनी, प्राणातिपाताची (जीवहत्येची) पाच अंगे सांगितली आहेत: समोर जीव असणे, तो जीव आहे हे ठाऊक असणे, मारण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न होणे आणि त्या प्रयत्नानेच मृत्यू घडणे. त्यामुळे चालताना नकळत पायाखाली आलेल्या मुंगीसाठी रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला असून, बुद्धांची अहिंसा हा नियम नव्हे तर तत्त्व आहे, असे म्हटले आहे. नियम असता तर तो पाळून मोकळे होता आले असते. तत्त्व असल्यामुळे प्रत्येक वेळी स्वतः विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ही सूट नाही, हे ध्यानात ठेवावे, कारण ‘गरज होती’ असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती गरज स्वतःच्या आळसाने निर्माण केलेली असते.

विचार कसा करावा, याची सोपी रीत बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला सांगितली. कायेने, वाचेने किंवा मनाने काहीही करण्यापूर्वी, करत असताना आणि करून झाल्यावर, यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होईल काय, असे स्वतःला विचारावे. सुरुवातीला दिवसभर हे साधत नाही. म्हणून रोजच्या कामांपैकी एकच काम निवडावे, उदाहरणार्थ सकाळी मुलांना शाळेसाठी उठवणे किंवा संध्याकाळी वर्धा रोडवरून गाडीने घरी येणे, आणि महिनाभर तेवढ्यापुरतेच हे तीन वेळचे विचारणे चालू ठेवावे. ‘करून झाल्यावर’ हा भाग सर्वांत जास्त वगळला जातो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणाराही तोच आहे.

आता कूलर. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलरविना येथे निभत नाही. पण त्याच्या टाकीतले साचलेले पाणी म्हणजे डासांचे घर असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवते. टाकी नुसती उपसून ठेवली तरी ती अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस कोरडा ठरवावा, टाकी पूर्ण रिकामी करावी, भिंती ताठ केसांच्या ब्रशने पाण्याच्या रेषेपर्यंत आणि तिच्या वरही घासाव्यात, टाकी उन्हात सुकू द्यावी आणि मगच पाणी भरावे. मोसम संपल्यावर तर हे अवश्य करावे. पावसाळ्यात अंगणात तसाच पडून राहिलेला कूलर उन्हाळ्यातल्या चालू कूलरहून अधिक घातक असतो. जो हे करतो त्याच्यावर अळ्यांवर औषध टाकण्याची किंवा रात्रभर कॉइल जाळण्याची वेळ क्वचित येते. वस्तीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आणि महापालिकेची फवारणी आली, तर शीलाचे कारण सांगून तिला अडवू नये. ती गरज आहे, आणि तिथे लहान मुलांचे जीव पणाला लागलेले असतात.

मुंग्यांच्या बाबतीत खडूपेक्षा फडके बरे. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, त्यामुळे साबणाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने तो माग पुसला आणि साखरेचा डबा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवला की रांग मोडते. उंदरांसाठी बिळे व नळांभोवतीच्या फटी जाळी लावून बुजवाव्यात. उंदीर चिकटवणारे पुठ्ठे मात्र घरात आणूच नयेत, कारण त्यांवर अडकलेला प्राणी तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडून मरतो, आणि ते पाहावत नाही म्हणून आपण पुठ्ठा दुमडून कचऱ्यात टाकतो.

पावसाळ्यात घराजवळ साप निघतात. वर्षावासाची प्रथा कशी सुरू झाली, हे या संदर्भात आठवण्यासारखे आहे. भिक्खू पावसात फिरताना हिरवे कोंभ आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. गृहस्थाला घरी बसून राहणे शक्य नाही. पण आषाढ पौर्णिमेपूर्वी अंगणातला विटांचा, लाकडांचा आणि भंगाराचा ढीग हलवणे शक्य आहे. जिथे ढीग तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. साप दिसलाच, तर काठी शोधण्याऐवजी मुले व कुत्री आत घ्यावीत, एका माणसाने लांबून सापावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धामण बिनविषारी असते, तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे विषारी. पण ओळखता येते या भरवशावर कोणीही जवळ जाऊ नये. दंश झालाच तर वेळ न दवडता मेडिकल किंवा मेयो यांपैकी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे नेणे ही रुग्णाचीच हिंसा होय.

संक्रांतीबद्दल थोडे कडक लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी जानेवारीत नागपुरात दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात आणि झाडांवर पक्षी लटकलेले दिसतात. मुलाच्या हातात असा मांजा देणाऱ्या बापाने त्या दिवशी वंदना केली काय आणि न केली काय, सारखेच. साधा सुती दोरा आणावा, सकाळी व संध्याकाळी पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी पतंग उडवू नये, आणि सणानंतर गच्चीवर, तारांवर व झाडांवर हाताला येईल तेवढा मांजा गोळा करून, त्याचे बारीक तुकडे करून, बांधलेल्या पिशवीत टाकावा. जखमी पक्षी सापडला तर पंखातला मांजा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने दोरा कापावा व रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात, शांत जागी ठेवून पक्ष्याला सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या उपचार केंद्रात पोचवावे.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, गच्चीवर पाणी ठेवण्याची सवय आता बरीच पसरली आहे. एवढेच सांगावेसे वाटते की, भांडे मातीचे व पसरट असावे, सावलीत असावे, आत एक खडबडीत दगड ठेवावा म्हणजे पडलेल्या मधमाशीला वर चढता येते, आणि पाणी रोज बदलावे, नाही तर पुन्हा डास.

मांसाहाराचा वाद नागपुरात, सावजी रश्श्याच्या गावात, अनेकदा निघतो. बुद्धांनी भिक्खूंना आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असे मांस निषिद्ध ठरवले, आणि देवदत्त या भिक्खूने सर्व भिक्खूंना मांसबंदी करण्याची मागणी केली तेव्हा ती नाकारली. ही अट भिक्खूंसाठी असली तरी गृहस्थालाही तीतून मार्ग निघतो. दुकानात पिंजऱ्यातली कोंबडी बोटाने दाखवून ‘ही कापा’ म्हणणे यात पाहणे, ऐकणे आणि शंका या तिन्हींच्या पुढचे, म्हणजे थेट आज्ञा देणे आहे. तेवढे तरी सोडावे. अष्टमी व पौर्णिमेच्या उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, मांस वर्ज्य करावे. त्यापुढे जायचे असेल तर अवश्य जावे, पण शेजाऱ्याच्या ताटाकडे बघून त्याची पायरी ठरवू नये. या देशात ताटावरून माणसाला हलके लेखण्याचा इतिहास फार जुना आहे आणि तो कोणाच्या वाट्याला आला, हे आपल्याला सांगावे लागत नाही.

याच कारणाने एक अप्रिय गोष्ट लिहितो. ज्यांच्या आजोबांना वरून पाणी वाढले गेले, त्यांच्यातल्याच काही सुस्थित घरांत आज धुणी-भांडी करणाऱ्या बाईंसाठी कोपऱ्यात वेगळा कप असतो. मुंगी वाचवणाऱ्या घरात हा कप असेल, तर आधी तो काढावा. बाईंनी आपल्याच कपात, आपल्यासोबत बसून चहा घ्यावा. महिन्यातून ठरावीक पगारी सुट्या आधीच बोलून ठेवाव्यात. आजारपणाचे पैसे कापू नयेत. दिवाळीतल्या जुन्या साड्यांना दान म्हणू नये. आठ वर्षांच्या आपल्या मुलाने पन्नाशीच्या बाईंना एकेरी हाक मारली, तर तिथल्या तिथे थांबवावे.

बोलण्यातून होणारी इजा बहुतेक घरांत सर्वांत जास्त असते. बुद्धांनी सुभाषित वाणीची पाच लक्षणे दिली आहेत: योग्य वेळी, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली. आपली गाडी बहुधा पहिल्यावर अडते. दहावीचा निकाल हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीला ‘मोबाइल कमी बघितला असता तर’ हे वाक्य कदाचित सत्य असेल, हितकारकही असेल, पण ती वेळ त्याची नव्हे. आठ दिवसांनी, जेवणानंतर, तेच सांगितले तर ती ऐकेल. व्हॉट्सॲपवर एखाद्या समाजाविरुद्धचा संदेश पुढे धाडण्यापूर्वीही हीच पाच लक्षणे लावून पाहावीत. बहुतेक संदेश दुसऱ्याच पायरीवर गळतात.

राग आला की मैत्रीभावना करावी, म्हणजे इतरांचे सुख मनात चिंतावे, असे सांगितले जाते, पण रागात ती साधत नाही. ती शांत वेळी, रोज दहा मिनिटे करावी. पाली भाष्यकार आचार्य बुद्धघोषांनी दिलेला क्रम व्यवहारात फार उपयोगी आहे: आधी स्वतः, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग जिच्याशी देणेघेणे नाही अशी व्यक्ती, आणि सर्वांत शेवटी वैरी. अनेक जण पहिल्याच दिवशी जमिनीच्या वादातल्या भावाला समोर आणतात, चिडतात आणि भावना सोडून देतात. त्याला सध्या बाजूला ठेवावे. तिसऱ्या पायरीवर रेंगाळावे: ‘आपली बस’चा कंडक्टर, सोसायटीचा चौकीदार, संत्र्यांच्या गाडीवरचा माणूस यांपैकी एकाचे सुख मनापासून इच्छावे. काही आठवड्यांनी त्याच्याशी बोलण्याचा सूर आपोआप बदललेला आढळतो.

करुणेच्या नावाखाली नुसते व्याकूळ होणाऱ्यांनाही बुद्धघोषांनी सावध केले आहे. शोक हा करुणेसारखा दिसणारा तिचा जवळचा शत्रू आहे. बातम्या पाहून रडू येणे ही करुणा नव्हे. अतिसाराने स्वतःच्याच मळमूत्रात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह उचलले, आंघोळ घातली, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची करावी, असे संघाला सांगितले. नागपुरात ही सेवा करण्यासाठी लांब जावे लागत नाही. मेडिकलच्या आवारात गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा येथून आलेले रुग्णांचे नातेवाईक चादर टाकून दिवस काढतात. फळे वाटून फोटो काढण्यापेक्षा महिन्यातली एक ठरावीक सकाळ द्यावी आणि एकाच कुटुंबाजवळ बसावे. पैसे काढण्यापूर्वी विचारावे की जेवण झाले काय, कोणती तपासणी कुठे करायला सांगितली आहे, आणि हातातला कागद वाचून दाखवू काय. बहुधा अडचण या तिसऱ्या प्रश्नात असते: केसपेपरची खिडकी, रक्तपेढी आणि एक्स-रे विभाग वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि गोंडी किंवा हिंदी बोलणाऱ्या माणसाला रांग कोणती हेच कळत नाही. त्याच्याबरोबर चालत जावे, रांगेत उभे राहावे, औषध कधी घ्यायचे ते सूर्य आणि चंद्राची चित्रे काढून पाकिटावर लिहून द्यावे, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच्याकडून एकदा म्हणवून घेऊन मगच निघावे.